दारातल्या कुत्र्याला दिवसभर साखळी नको

माडाखालची (डिचोली, गोवा)

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मोत्या माझ्या भाच्याच्या हाताला चावला. मोत्या म्हणजे आमच्या माहेरचा गावठी कुत्रा. वय सात, त्यातली सहा वर्षं पडवीच्या खांबाला, चार हात साखळीवर काढलेली. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की भुंकायचा, दुपारी शीत-कढी खायचा, रात्री पुन्हा भुंकायचा. राखण चांगली करतो, असं आम्ही कौतुकाने सांगायचो.

चावल्याबरोबर घरात सगळे म्हणाले, पिसाळला. पिसाळला नव्हता, दरवर्षी लस टोचलेली होती. (तरीही भाच्याचा हात वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतला आणि लगेच आरोग्य केंद्रात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. कुत्र्याला लस दिलेली असली तरी यात हयगय नको.)

वहिनी त्या वेळी फोनवर मुलाचं चित्रण करत होती. ते मी किती वेळा पाहिलं असेन. मोत्या निजलेला आहे. मुलगा जवळ बसतो. मोत्या मान फिरवतो, ओठ चाटतो, जांभई देतो. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं. मुलगा कानाला हात लावतो आणि मग ते होतं. सात-आठ सेकंद तो कुत्रा 'नको, नको' म्हणत होता आणि समोर बसलेल्या पाच मोठ्या माणसांपैकी एकालाही ते कळलं नाही. तो गुरगुरला मात्र नाही. का, तेही मला ठाऊक आहे. पाहुण्यांवर गुरगुरला म्हणून लहानपणी त्याला आम्हीच काठीने मारलं होतं. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली सूचना, तीच आम्ही बंद पाडली.

आदल्या रात्री आरतीनंतर अंगणात तासभर फटाके वाजले होते. मोकळा असता तर खाटेखाली शिरला असता, मागच्या दारी पळाला असता. साखळीला बांधलेला कुत्रा कुठे जाणार? लाळ गळेपर्यंत तो धापा टाकत होता आणि आम्ही त्याला 'गप रे' म्हणत होतो. नंतर डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा कळलं की पावसाळ्यात त्याचा कान आतून चिघळला होता. मुलाचा हात नेमका तिथेच लागला.

माझं म्हणणं सरळ आहे. कुत्रा जन्मभर खांबाला बांधायचा असेल तर पाळूच नये. आपल्याला जी राखण वाटते ती बहुतेक वेळा भीती असते. तुमचं मत सांगा, पण मोत्याला डोळ्यांसमोर ठेवून सांगा.

कुळागरवालो (सत्तरी)

बाय, भाच्याला आराम पडो. पण तुमचं म्हणणं मला सगळंच पटत नाही.

वाळपईच्या पुढे आमचं कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहे, घर त्याला लागूनच. साखळी मी हौसेने घालत नाही. माझे दोन कुत्रे बिबट्याने नेले. पहिला रात्री मोकळा असायचा. एका पहाटे आंगणात फक्त फरफटल्याची खूण होती. दुसरा रानडुकरांच्या मागे गेला तो आलाच नाही. माझ्या मुलीने चार दिवस जेवण टाकलं होतं. आता तिसरा आहे, तो बांधलेलाच असतो. माझ्या दृष्टीने त्याच्या जिवाची काळजी म्हणजे ती साखळी आहे.

शिवाय कुत्र्याला काम लागतं. खेती (माकडं) माडावर चढले की आमचा काळू जो काही उसळतो, ते भीतीने नव्हे. तो कामावर असतो. त्याला गादीवर बसवून लाड केले तर तो खंतावेल.

पशुवैद्यक, म्हापसा

एका बाजूने बोलायला मी आलेले नाही, पण साखळीचा एक परिणाम घरातल्यांना सहसा दिसत नाही, तो सांगते. गोचीड.

आपल्याकडे कुत्र्यांना जी तपकिरी गोचीड होते ती अंगावर रक्त पिते आणि पोट भरलं की खाली उतरून भिंतीच्या भेगेत, चिऱ्यांच्या सांध्यात अंडी घालते. एक मादी हजारोंनी घालते. कुत्रा वर्षानुवर्षं एकाच खांबापाशी बसत असेल तर पिल्लांना भक्ष्य आयतं मिळतं. तुम्ही अंगावरच्या वेचून काढता, भिंतीतल्या तशाच राहतात. त्यातून गोचीडताप होतो. आधी कुत्रा नुसता मलूल दिसतो, अर्धी थाळी सोडतो. घरचे म्हणतात, उन्हाने असेल. हिरड्या पांढऱ्या पडून नाकातून रक्त येऊ लागलं की धावत आणतात. वेळेवर आला तर गोळ्यांचा तीन-चार आठवड्यांचा कोर्स पुरतो. उशीर झाला तर रक्त चढवावं लागतं.

म्हणून शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर आधी दुखणं शोधा. कान, दात, सांधे, कातडी. स्वभाव बदलला असं वाटतं तेव्हा पुष्कळदा काहीतरी ठणकत असतं. आणि कळवळून सांगते, त्याला माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दिल्याने यकृत, किडनी गेलेली जनावरं मी पाहिली आहेत.

दोन मुलांची आई (फोंडा)

मला कुत्र्यांचा राग नाही. पण हे वाचून काळजी वाटली, कारण 'बांधू नका' याचा अर्थ लोक 'सोडून द्या' असा घेतात. आमच्या वाड्यावर एका घरी हेच झालं. त्यांनी साखळी काढली, फाटक मात्र उघडंच ठेवलं. तो कुत्रा दुचाकींच्या मागे लागतो. माझा थोरला सायकलवरून पडला, हनुवटीला टाके पडले. त्या घरचे म्हणतात, तो खेळतो.

रेबीजच्या बाबतीत गोव्याने खूप केलं आहे. जाळं घेऊन वाड्यावाड्यावर फिरून कुत्र्यांना लस टोचणारी माणसं मी पाहिली आहेत. २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झालं, देशात पहिलं. पण चावा हा रेबीजशिवायही चावाच असतो. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळं, बसस्थानकं इथून भटके कुत्रे हटवायला सांगितलं, तेव्हा आई म्हणून मला बरं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. कुत्र्याच्या मनाचं जरूर पाहा. माझ्या मुलाला आता कुठल्याही कुत्र्याजवळून जाताना घाम फुटतो, त्याचंही मन आहे.

माडाखालची

आई, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा रास्त आहे, मी नीट लिहायला हवं होतं. मला मोकळं म्हणजे कुंपणाच्या आत मोकळं म्हणायचं आहे. फाटक लावलेलं, नसबंदी केलेली, लस दिलेली, आणि बाहेर नेताना गळ्यात पट्टा. कुत्रा रस्त्यावर सोडणारा मालक कुत्र्याचंही भलं करत नाही.

आणि साखळीविषयी हे नुसतं माझं मत नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. त्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा धरला आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून व्यायाम न देणं हाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांना कोण भितो? पण साठ वर्षांपूर्वी कुणाला तरी हे लिहून ठेवावंसं वाटलं, एवढं तरी आपण ध्यानात घेऊ.

दादा, बिबट्याचं मला उत्तर देता येत नाही. तिथे मी हरले. पण बिबट्या मुख्यतः रात्री येतो. मग सकाळी सात ते संध्याकाळी सहा काळू का बांधलेला? आणि खरं सांगायचं तर रात्री बांधलेला कुत्रा बिबट्याला सोपाच, त्याला पळताही येत नाही. रात्री त्याला मांगरात (बागेतल्या खोपीत) कडी लावून ठेवता येणार नाही का?

पेडण्याचा निवृत्त मास्तर

फटाक्यांबद्दल एक. चतुर्थी, नरकासुराची रात्र, फेस्त (चर्चचा सण), लग्नं, आमच्या कुत्रीला बारा महिने हा त्रास. आता संध्याकाळ झाली की आम्ही तिला आतल्या खोलीत घेतो, खिडकी लावतो, पंखा मोठा करतो, आणि घरातलं एक माणूस तिथेच काही वाचत बसतं. जवळ घेतल्याने भित्री होते, असं मला पूर्वी सांगत. तसं काही झालं नाही. ती फक्त माझ्या पायाला पाठ टेकून बसते.

कुळागरवालो

मांगराचं बोलणं बरोबर आहे. काल रात्रीपासून काळूला आत घेतलं. पहिली रात्र दार खरवडत होता, आज गोणपाट टाकल्यावर निजला.

दिवसाचं मात्र अजून जमलेलं नाही. दोन माडांमध्ये तार बांधून तिच्यावर साखळी सरकती ठेवायची, हे मी गेल्या वर्षी करून पाहिलं. पोफळींना गुंडाळून घेतो आणि गळा आवळतो. मोकळा सोडला तर शेजाऱ्याच्या कोंबड्या. सगळ्या कुळागराला कुंपण घालणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. आणि राखणीचं मी मागे घेत नाही. त्याला काम हवंच.

पशुवैद्यक, म्हापसा

राखणीच्या बाबतीत मी दादांच्या बाजूने आहे. गावठी कुत्रा रिकामा बसला की बिघडतो. पण त्याचं सगळ्यात मोठं काम नाकाचं. आपल्या नाकात वासाच्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्या दहा कोटींच्या पुढे. चार हात जागेतले वास त्याने केव्हाच संपवलेले असतात. म्हणून सकाळी तुम्ही पाणी सोडायला जाता तेव्हा त्याला लांब दोरीवर सोबत न्या आणि ओढू नका. जिथे थांबेल तिथे हुंगू द्या. अर्ध्या तासाने तो आपण होऊन आडवा होईल. तार बांधायचीच असेल तर झाडं नसलेल्या खळ्यात बांधा, सावली आणि पाणी तारेच्या टप्प्यात ठेवा, आणि गळ्याऐवजी छातीला पट्टा घाला, म्हणजे आवळणार नाही. पण माणूस जवळ असतानाच.

दोन मुलांची आई (फोंडा)

ताई, मोत्याचं पुढे काय झालं? आणि तुमचा भाचा आता त्याच्याजवळ जातो का?

माडाखालची

कान बरा व्हायला तीन आठवडे लागले. पडवीच्या खांबाची साखळी बाबांनी स्वतः काढली. आधी ते तयार नव्हते. पुढच्या फाटकाला खाली जाळी मारली. मोत्या पहिले दोन दिवस त्या चार हातांच्या बाहेर गेलाच नाही. साखळी नव्हती, तरी जिथवर ती पोचायची तिथेच येऊन थांबायचा. ते पाहून बाबा आत निघून गेले. तिसऱ्या दिवशी आईने तुळशीपाशी भाकरीचा तुकडा टाकला तेव्हा तो पुढे आला.

पोदेरावर अजून भुंकतो, पण आता फाटकापर्यंत जाऊन शेपूट हलवून परत येतो. भाचा अजून जवळ जात नाही आणि आम्हीही त्याला आग्रह करत नाही. तो पायरीवर बसतो, मोत्या तुळशीपाशी. मान फिरवली की लांब राहायचं, हे त्याला आता मोठ्यांपेक्षा आधी दिसतं. परवा त्यानेच आजीला हाक मारून सांगितलं, "आजी, थांब, त्याला आता नको आहे."