थोरल्याने कोरले, धाकट्यानेही कोरले?

प्रश्न : अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या नगरभवनाविषयीच्या लेखाचे भाषांतर करताना अडले आहे. १६४८ साली बांधायला घेतलेल्या त्या इमारतीचे शिल्पकाम आर्टस क्वेलिनसने केले, आणि त्याचा धाकटा भाऊ ह्यूबर्ट याने ती शिल्पे तांब्याच्या पत्र्यांवर उतरवून त्यांचे छाप १६५५ व १६६३ साली दोन भागांत प्रसिद्ध केले. मी लिहिले, ‘थोरल्याने कोरलेले धाकट्याने कोरले.’ तपासणाऱ्यांनी दुसरे ‘कोरले’ खोडून ‘रेखाटले’ केले. त्यामुळे पत्रा, शाई आणि छाप यांचा मागमूसच उरत नाही. काय लिहावे?

प्रतिसाद : आमच्याकडे पाथरवट मूर्ती घडवतो आणि अक्षरे कोरतो. ‘थोरल्याने घडवलेले धाकट्याने कोरले’ असे लिहावे.

प्रतिसाद : पत्र्यावर नेहमी कोरणीच चालते असे नाही. मेणाचा थर देऊन, त्यावर सुईने रेषा ओढून त्या आम्लाने खाववतात. त्यासाठी ‘अम्लरेखन’ हा शब्द रुळला आहे. शिवाय पत्र्याला ‘ताम्रपट’ म्हणू नये, कारण ताम्रपट वाचण्यासाठी असतो. १८०५ साली मिरजेला पत्र्यांवरून गीता छापली गेली, तेव्हा अक्षरे उलटी कोरावी लागली. छापायच्या पत्र्याचे वेगळेपण तेच आहे.

प्रतिसाद : त्या छापांतल्या फळाफुलांच्या माळांना आपण काय म्हणणार आहात? ‘तोरण’ म्हणू नये. त्या नगरभवनात दिवाळखोरांच्या दालनाच्या दारावर जी माळ आहे, तिच्यात उंदीर, रिकाम्या पेट्या आणि न फेडलेल्या देण्यांचे कागद कोरलेले आहेत. आपल्याकडे तोरण शुभकार्याला लागते.

प्रतिसाद : शुभाशुभ नंतरचे आहे. संस्कृतात तोरण म्हणजे प्रवेशद्वाराची कमान, सांचीला आहे तशी. झेंडूच्या माळेला ते नाव दारामुळे मिळाले. ही माळही दारावरच आहे, तेव्हा हा शब्द मला चपखल वाटतो.

प्रतिसाद : व्युत्पत्ती मान्य केली, तरी आजचा वाचक ‘तोरण’ वाचून आंब्याची पानेच पाहील, आणि भाषांतर त्याच्यासाठी आहे. साधे ‘माळ’ लिहावे.

प्रश्नकर्ती : ‘माळ’ घेते. ‘घडवले’ मात्र मनाला पटत नाही, कारण आर्टसचे पुष्कळसे काम भिंतीतले उठावशिल्प आहे, आणि वेरूळचे कैलास लेणे घडवले असे आपण म्हणत नाही. ते कोरले असेच म्हणतो.