मदत हवी आहे: दहावीनंतर मोटार मेकॅनिक की डिझेल?

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला दहावीला ५८ टक्के पडलेत. पोरगा पुस्तकात रमत नाही, पण आमच्या जुन्या स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर स्वतः खोलून साफ करतो (एकदा दोन स्क्रू उरले होते, ते सोडा).

आयटीआयला डिझेल मेकॅनिक १ वर्षाचा, मोटार मेकॅनिक २ वर्षांचा. वडील म्हणतात, एका वर्षात मोकळा होईल, मग एसटीच्या डेपोत अप्रेंटिसशिप करेल. मला २ वर्षांचा बरा वाटतो, कारण पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शिवाय आता गाड्या इलेक्ट्रिक होतायत, नुसतं डिझेल शिकून किती दिवस पुरणार?

चाकण-भोसरीकडे कामाला असलेल्यांनी सांगा, अप्रेंटिसशिप संपल्यावर खरंच कायम करतात का? की पुन्हा ठेकेदारच?