'पॉवर डिव्हायडर'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
पदविकेच्या मुलांसाठी मायक्रोवेव्ह प्रयोगांची पुस्तिका मराठीत लिहितोय. 'पॉवर डिव्हायडर'ला (एका तोंडाने आलेली सिग्नलची शक्ती अनेक तोंडांना वाटून देणारा भाग) 'सिग्नल दुभाजक' लिहिलं, पण वाचताना रस्त्याच्या मधला कठडाच डोळ्यांपुढे येतो. 'शक्ती विभाजक' फार पुस्तकी वाटतं. काय लिहावं?

प्रतिसाद
'दुभाजक' नकोच. कठड्याचं सोडा, त्यात दोनच वाटे गृहीत धरले जातात. अर्नेस्ट विल्किन्सन यांनी १९६० साली मांडलेला विभाजक कितीही वाटांसाठी होता. अँटेना-समूहांत चार, आठ, सोळा वाटांचे विभाजक असतात.

त्याहून मोठी अडचण 'सिग्नल' या शब्दाची आहे. इथे सिग्नलचे तुकडे होत नाहीत. केबल टीव्हीचा स्प्लिटर याच जातीचा. त्याच्या दोन्ही तोंडांना सगळी चॅनेलं अख्खी मिळतात, फक्त प्रत्येकाची शक्ती निम्मी. वारंवारतेनुसार सिग्नल खरोखर वेगळे करतो तो डायप्लेक्सर. म्हणून 'शक्ती विभाजक'च बरोबर. 'पॉवर'साठी 'शक्ती' शाळेच्या विज्ञानापासून रुळलेला आहे, मुलं अडणार नाहीत.

विचारणा
पटलं. पण पुस्तिकेत मी 'विभाजकात ३ डीबी लॉस होतो' (डीबी म्हणजे डेसिबल; ३ डीबी घट म्हणजे शक्ती निम्मी, ६ डीबी म्हणजे पाव) असंही लिहिलंय. प्रयोगशाळेत सगळे तसंच बोलतात.

प्रतिसाद
बोलू देत, पण छापू नका. याच वाक्यामुळे मुलं वर्षानुवर्षं गोंधळतात. एक वॅट आत गेला आणि दोन तोंडांना अर्धा-अर्धा निघाला, तर वाया काय गेलं? काहीच नाही. हा वाटा झाला. तोटा वेगळा.

टीव्हीच्या दोन तोंडी स्प्लिटरच्या डबीवर बऱ्याचदा ३.५ डीबी छापलेलं असतं. त्यातले ३ डीबी वाटा, उरलेला अर्धा डीबी तोटा. तीन रोध (रेझिस्टर) चांदणीसारखे जोडून केलेला विभाजक घ्या. ५० ओहमच्या मंडलात (सर्किटमध्ये) प्रत्येक रोध सुमारे १६.७ ओहमचा. एका वॅटमागे प्रत्येक तोंडाला पाव वॅट मिळतो आणि अर्धा वॅट रोधांत उष्णता होऊन जातो. इथे ६ डीबीतले ३ वाटा, ३ तोटा. दोन्हींना 'लॉस' म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

दुसरा प्रतिसाद
वरच्याशी सहमत. एक भर घालतो. विल्किन्सनच्या विभाजकातही रोध असतो, मग तिथे तोटा का नाही, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. त्याचं उत्तर पुस्तिकेत हवंच.

५० ओहमच्या वाहिनीला (सिग्नल वाहणाऱ्या पट्टीला) दोन फाटे फुटतात. प्रत्येक फाटा पाव तरंगलांबीचा, ७०.७ ओहमचा. साध्या एफआर-४ पाटीवर (नेहमीच्या छापील सर्किट बोर्डावर) २.४ गिगाहर्ट्झला ही लांबी जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर भरते. बाहेरच्या दोन तोंडांमध्ये १०० ओहमचा रोध. दोन्ही फाट्यांतून सारखीच लहर एकाच वेळी पोचते, म्हणून रोधाच्या दोन्ही टोकांना दाब (व्होल्टेज) सारखा असतो आणि त्यातून प्रवाहच वाहत नाही. रोध जागा होतो ते एखाद्या तोंडाकडून लहर उलटी आली की. तिला दुसऱ्या तोंडाकडे जायला दोन रस्ते: एक सरळ रोधातून, दुसरा दोन्ही फाट्यांतून, म्हणजे अर्धी तरंगलांबी फिरून. दोन्ही लहरी तिथे विरुद्ध कलेत (फेजमध्ये) भेटतात आणि एकमेकींना पुसतात. आलेल्या शक्तीतली निम्मी रोधात जळते, निम्मी मूळ तोंडाकडे परतते, शेजाऱ्याला काही कळत नाही.

या गुणाला बहुतेक जण 'विलगीकरण' लिहितात. करोनानंतर त्या शब्दाला दवाखान्याचा वास लागलाय. मी 'अलिप्तता' वापरतो: 'दोन तोंडांमधली अलिप्तता २० डीबी.' वाचायला सोपं जातं.

विचारणा
'अलिप्तता' घेतो. हीच पाटी उलटी जोडून दोन सिग्नल एकत्र केले, तर तिला 'विभाजक' म्हणायचं की 'संयोजक'?

प्रतिसाद
काम पाहून नाव द्या, तेव्हा 'संयोजक'. मात्र एक अट तिथेच लिहा: दोन्ही लहरी सारख्या शक्तीच्या आणि समकला (एकाच फेजमध्ये) असतील तरच सगळी शक्ती एका तोंडाला मिळते. एकाच तोंडातून लहर दिली तर तिची निम्मी शक्ती त्या १०० ओहमच्या रोधात जाते. शक्ती मोठी असेल तर रोध किती वॅटचा निवडायचा, हे त्यावरूनच ठरतं.