मदत हवी आहे: बारशाआधीच गेलेली, मृत जन्मलेली बाळं वंशावळीत कशी शोधायची? (कोल्हापूर, १९३९ ते १९५५)

वंशवेल_शिवाजीपेठ

नमस्कार मंडळी. वडिलांकडच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे. पुरुषांची नावं सात पिढ्यांपर्यंत मिळाली, सातबारा-फेरफारांनी बरीच मदत केली. अडलंय ते अगदी जवळच्या पिढीत.

कागदांप्रमाणे माझ्या आजीला सहा मुलं. पण थोरली आत्या (१९४१ चा जन्म, स्मरण अजून लख्ख) म्हणते, "आमी नऊ. तीन ऱ्हायली न्हाईत." तिच्याकडून आतापर्यंत एवढं कळलंय:

१. आजीचं पहिलं बाळंतपण माहेरी, कागल तालुक्यातल्या एका खेड्यात, साधारण १९३९. मुलगा झाला. पाचवी पुजली, पण बारसं झालं नाही.

२. आत्या आणि एक काका यांच्यानंतर एक मुलगी. शिवाजी पेठेतल्या घरीच झाली. आत्या सांगते, गांधीवधानंतर जाळपोळ झाली त्याच साली, जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या एक-दोन दिवस आधी ती गेली. "दूध वढंना, आकडी आली."

३. माझ्या वडिलांच्या पाठीवर एक, थोरल्या दवाखान्यात, मृतच जन्मलेलं. मुलगा की मुलगी तेही आत्याला ठाऊक नाही. तिला बघू दिलं नव्हतं.

एका कार्यालयात चौकशी केली तर "नाव सांगा, मग शोधतो" एवढंच उत्तर मिळालं. नावच ठेवलं गेलं नाही त्यांना कसं शोधायचं? घरातली काही मंडळी म्हणतात, गेलेली पोरं कशाला उकरून काढतेस. मला ते पटत नाही. आजीने नऊ महिने वाहिलेली ही मुलं आहेत, आणि आत्या आजही भावंडं मोजताना त्यांना धरून मोजते. वंशावळीत त्यांची जागा असायलाच हवी.

कुठे शोधू, काय मागू आणि सापडलं तर लिहू कसं, तिन्ही सांगा.

दप्तरखाना

ताई, मी महसूल खात्यात रेकॉर्डला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची तिन्ही बाळं एकाच ठिकाणच्या दप्तरात नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पहिला मुलगा सासरच्या गावी शोधू नका. जिथे जन्म झाला तिथे नोंद, म्हणजे आजीच्या माहेरच्या गावच्या वहीत. पहिलं बाळंतपण माहेरी असल्यामुळे कितीतरी लोक चुकीच्या गावात वर्षानुवर्षं शोधत राहतात.

गावातली जन्म-मृत्यूची वही म्हणजे गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा हेच नमुना १४ बाहेर काढले गेले. ठिकठिकाणी ते स्कॅन झाले, काही जिल्ह्यांनी संकेतस्थळावरही टाकले. लोकांनी ते जातीच्या नोंदीसाठी चाळले, पण त्याच पानांवर चार-आठ दिवसांत गेलेली लेकरंही आहेत. आधी तुमचं गाव त्यात आहे का बघा.

दुसरं, आधी मृत्यूची वही बघा. बारशाआधी गेलेल्या बाळाच्या नोंदीत नावाच्या जागी "मुलगा" किंवा "मुलगी" आणि पुढे बापाचं नाव असतं. वयाच्या रकान्यात दिवस लिहिलेले असतात. "वय ८ दिवस" मिळालं की जन्मतारीख आपोआप निघते. मग त्या तारखेला जन्माची वही उघडायची.

तिसरं, कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचा कारभार संस्थानचा. त्यातही कागल ही जहागीर होती, म्हणून माहेरचं गाव जहागिरीतलं होतं का खालसा (थेट संस्थानच्या कारभारातलं), ते विचारून घ्या. तहसीलला वही नाही मिळाली तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात चौकशी करायची, कारण संस्थानी दप्तर तिथे आहे.

शहरातल्या मुलीची नोंद नगरपालिकेच्या वहीत. महानगरपालिका १९७२ ला झाली, पण नगरपालिका १८५४ पासूनची. अर्जात "नाव: माहीत नाही" असं बेधडक लिहा, खाली बापाचं पूर्ण नाव, पेठ आणि सालाचा अंदाज. आजच्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणालाही शोधाची फी भरून नोंदवहीत शोध घेण्याची मागणी करता येते. फी जितकी वर्षं शोधायची त्यावर असते, म्हणून साल जितकं नेमकं तितकं बरं. आणि "दाखला" नको, "नोंदवहीचा उतारा" मागा. दाखल्यात वय-पेठ-खबर देणाऱ्याचं नाव हे सगळं येईलच असं नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय.

चैत्र यात्रा म्हणजे चैत्री पौर्णिमा. १९४८ साली ती २३ एप्रिलच्या आसपास येते. एप्रिल-मे ची पानं आधी उघडायला सांगा.

उत्तरेश्वरची_आक्का

लेकी, कागद नंतर. आत्याला अजून विचारून घे, आणि विचारायची रीत बदल. "किती गेली?" असं विचारलंस तर बाई गप्प बसते. "तुझ्या पाठीवर कोण? त्याच्या पाठीवर कोण?" असं एकेक पायरी उतरत जा. आमच्या पिढीला भावंडं अशीच पाठ असतात. मध्ये कुठे ती थांबली की समज तिथे कुणीतरी होतं. किती मुलं झाली हे न विचारता किती बाळंतपणं झाली ते विचार. उत्तर वेगळं येतं. माझ्या सासूबाईंनी जन्मभर पाच मुलं सांगितली, बाळंतपणं विचारली तेव्हा आठ निघाली.

आणि सालाचं विचारू नको. घरात म्हैस कोणती होती, कुणाचं लग्न झालं होतं, महापूर आलता का, हे विचार. आत्याने जाळपोळ आणि जोतिबा सांगितला, बघ, तिचं कॅलेंडर ते आहे.

अजून एक. घरात कुणाचं नाव दगडू, धोंडिबा, केरबा, भिकू असं आहे का? आधीचं लेकरू गेलं की पाठचं टिकावं म्हणून असलं नाव ठेवायचे, वाईट नजर लागू नये म्हणून. कुणाचं नाक टोचायचे. असं नाव दिसलं की त्याच्या आधीची जागा तपास.

वंशवेल_शिवाजीपेठ

आक्का, अंगावर काटा आला. मधल्या काकांचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव दगडू आहे! आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो, म्हणून हे कधी सुचलंच नाही. त्यांचा जन्म १९४९ चा अखेर, म्हणजे त्या मुलीच्या पाठचे.

मिरजेचा_डॉक्टर

निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, दोन गोष्टी सांगतो.

मुलगी बारशाआधीच गेली, दूध ओढेना, आकडी आली, हे वर्णन नवजात बाळाच्या धनुर्वाताचं दिसतं. विळ्याने किंवा न उकळलेल्या ब्लेडने नाळ कापायची, वर राख-शेण लावायचं, त्यातून जंतू जायचे. पहिले दोन-तीन दिवस बाळ छान पितं आणि मग अचानक तोंड मिटतं, बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. जुन्या वह्यांत कारण म्हणून "आकडी" दिसली तर बहुधा हेच. गरोदरपणातली लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांनी हा आजार मागे हटला. २०१५ मध्ये भारतात त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. हे सांगायचं कारण असं की घरोघरी अशा मृत्यूंचा दोष बाईच्या पायगुणाला दिला गेला. तुमच्या आजीचा यात काडीचाही दोष नव्हता, आणि हा आजार आनुवंशिकही नाही. वंशावळीत कारण लिहिणार असाल तर हेही लिहा.

दुसरं, आजोबांचं लग्न मामाच्या मुलीशी, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यात, झालं होतं का? आपल्या भागात ते सर्रास होतं. पहिलं मूल सुखरूप आणि पुढची ओळीने कावीळ होऊन किंवा पोटातच दगावलेली, असं असेल तर रक्तगटातला आरएच दोष (आई आणि बाळाचे रक्तगट न जुळणं) हा वेगळा प्रश्न. तुमच्याकडे तशी ओळ दिसत नाही, मधली मुलं धडधाकट जगली. तरी दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवा, पुढच्या पिढीच्या डॉक्टरला उपयोगी पडतात.

वंशावळीतल्या अंतरांबद्दल एक सूचना. दोन भावंडांत पाच-सहा वर्षांचं अंतर दिसलं की मध्ये कुणी गेलं असेल असं सगळे धरतात, ते बऱ्याचदा खरंही असतं. पण बाळ लवकर गेलं तर अंगावरचं पाजणं थांबतं आणि आईला दिवसही लवकर जातात. त्यामुळे अडीच-तीन वर्षांच्या नेहमीच्या अंतरातही एखादं बाळ लपलेलं असू शकतं.

दप्तरखाना

डॉक्टरसाहेबांनी लिहिलं ते पटलं. मृत जन्मलेल्या बाळाबद्दल माझ्याकडून राहिलं होतं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात १९७० पासून लागू. त्यात मृतजन्माची व्याख्या आहे, नोंदवही वेगळी आहे आणि अट २८ आठवड्यांची आहे. म्हणजे त्यानंतरच्या काळातलं सात महिन्यांच्या आतलं बाळ तुम्हाला कोणत्याच वहीत मिळणार नाही. जिवंत जन्मून तासाभरात गेलेलं असेल तर मात्र जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी हव्यात. १९७० च्या आधी मृतजन्माची नोंद होईलच असा भरवसा नाही. तुमचं तिसरं बाळ १९५४-५५ चं, तेव्हा कागद न मिळण्याची तयारी ठेवा. शोधू नका असं म्हणत नाही. मृत्यूच्या वहीत "उपजत मृत" अशा नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत.

स्मशानात चौकशी करण्यात वेळ घालवू नका. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला अग्नी न देता पुरायचं, ही मनुस्मृतीइतकी जुनी रीत. दहन नाही, म्हणून पावती नाही, रक्षाविसर्जन नाही, श्राद्ध नाही. त्यामुळे तीर्थोपाध्यायांच्या वहीतही ही मुलं सहसा येत नाहीत.

सीमाभागातला

वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांना विचारलं का? आमच्याकडे निपाणी-कागल भागात ते अजून येतात, घराण्याची वही वाचतात. पण आशा बेताची ठेवा. मुलींचीच नावं त्यात क्वचित, तिथे आठ दिवसांचं बाळ कुठून येणार. तरी "अमक्याला पुत्र चार, त्यात एक बालपणी वारला" एवढं आमच्या वहीत निघालं होतं.

एक आडवळणाचा कागद सांगतो. बाप वारला तेव्हा आई गरोदर असेल तर जिवंत जन्मलेल्या मुलाला वारसा मिळतो. ते मूल पुढे महिन्या-दोन महिन्यांत गेलं तरी फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, त्याचं नाव लागलेलं असू शकतं. ताईंच्या आजीला लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

वंशवेल_शिवाजीपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं हाती लागलं, ते सांगते.

आक्कांच्या रीतीने आत्याशी बोलले. पाठीवर कोण करत करत धाकट्या आत्यापर्यंत आलो आणि ती थांबली. तिथे अजून एक होतं, "दिवस भरलं न्हवतं." म्हणजे बाळंतपणं दहा. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तिच्या लेकीलासुद्धा नाही. त्या चौथ्याचा कागद नसणार हे आता कळतंय, म्हणून तिचे शब्द तिच्या परवानगीने जसेच्या तसे लिहून, तारीख घालून ठेवले.

आणि १९४८ ची मुलगी सापडली! मृत्यूच्या वहीत २२ एप्रिल, स्त्री, वय ८ दिवस, आजोबांचं पूर्ण नाव, शिवाजी पेठ, कारण आकडी. आत्याने ऐंशीच्या पुढच्या वयात सांगितलेला दिवस अचूक निघाला. तिला उतारा वाचून दाखवला तर म्हणाली, "मंग लिव्ह तिला माज्या खाली."

अडचण अशी की तिचं नाव काय लिहू? चुलतभाऊ म्हणतो एखादं छानसं नाव देऊन टाक.

दप्तरखाना

नाव देऊ नका, ताई. भावना समजते, पण पन्नास वर्षांनी कुणीतरी ते खरं नाव समजून शोधत बसेल. "कन्या (बारशापूर्वी निधन), जन्म अंदाजे १४ एप्रिल १९४८, मृत्यू २२ एप्रिल १९४८" एवढं लिहा आणि खाली आधार: नोंदवहीचा उतारा, शिवाय आत्याची आठवण. क्रमांक मात्र भावंडांच्या ओळीतच द्या, वेगळ्या कोपऱ्यात टाकू नका. चौथ्याला "अपुऱ्या दिवसांचं, आधार: आत्या" पुरे.

त्याच पेठेत त्याच नावाचा दुसरा कुणी गृहस्थ नव्हता ना, हेही एकदा ताडून घ्या. जात, घराचा पत्ता आणि खबर देणाऱ्याचं नाव जुळलं की शंका उरत नाही.

वंशवेल_शिवाजीपेठ

खबर देणारे आजोबांचे थोरले भाऊ आहेत, तेव्हा शंका नाही.

आता राहिला १९३९ चा मुलगा. तहसीलमध्ये माहेरच्या गावची वही आहे, पण सगळी मोडी लिपीत. मला एक अक्षर लागत नाही. कुणी वाचून देईल का?

मोडी_करवीर

देतो. सबंध वही नको, आजीच्या वडिलांचं नाव, आडनाव आणि आजोबांचं नाव देवनागरीत पाठवा, म्हणजे नजर नेमकी तिथे टाकता येईल. फोटो काढायची परवानगी लेखी घ्या. पान सपाट ठेवून वरून, फ्लॅशशिवाय काढा, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावरचे रकाने फोटोत आलेच पाहिजेत, नाहीतर जन्माचं पान की मृत्यूचं तेच कळत नाही. १९३८ च्या पावसाळ्यापासून १९४० च्या अखेरपर्यंत काढा. आत्याचा जन्म १९४१ चा, म्हणजे तिच्या आधीचा मुलगा या टापूतच बसतो. बापाचं गाव कोल्हापूर असं परगावचं लिहिलेलं असेल, ती खूण मी आधी शोधेन.

वंशवेल_शिवाजीपेठ

सोमवारी अर्ज देते आणि फोटो मिळाले की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आजीच्या वडिलांचं नाव आत्ताच पाठवलंय.