मासिक बैठकीत आशाताई गप्प का बसतात?

प्रश्न – वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र

मी सातपुड्याच्या पट्ट्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन वर्षांपासून काम करीत आहे. आमच्या मासिक बैठकीला आशाताई (गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविका), एएनएम (परिचारिका-प्रसविका), आरोग्यसेवक आणि पर्यवेक्षक सारेच हजर असतात. मात्र कोणत्या घरी बाई गरोदर आहे, कोणते कुटुंब ऊसतोडीला गेले आहे आणि कोणते बाळ अंगावर नीट पीत नाही हे ज्यांना ठाऊक असते, त्या आशाताई आपापल्या नोंदवहीतील आकडे वाचतात आणि खाली बसतात. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या काही जणी तर प्रमाण मराठीत बोलावे लागेल या धास्तीने ते आकडेही शेजारणीकडून वाचून घेतात.

गेल्या महिन्यात एका पाड्यावरचे लसीकरण सत्र आम्ही नेमके आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवले. चार बाळे आली. तिथल्या आशाताईंना नंतर व्हरांड्यात विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बाजार आहे हे माहीत होतं मॅडम, पण तारीख ठरूनच आली होती."

आता वरून एक दिवसाची 'नेतृत्वविकास कार्यशाळा' घेण्याची सूचना आली आहे. तिचा उपयोग होईल का, की दोष आशाताईंच्या आत्मविश्वासात नसून आमच्या बैठकीच्या रचनेतच आहे?

उत्तर १ – निवृत्त आरोग्य सहाय्यिका, अहिल्यानगर

डॉक्टर, आपल्या प्रश्नातच उत्तर आहे. तारीख ठरूनच येत असेल, तर बोलायचे तरी कशासाठी? माझ्या नोकरीत मी असंख्य मासिक बैठका पाहिल्या आणि, आता कबूल करायला हरकत नाही, त्यांतल्या कित्येक मीच बिघडवल्या. आम्ही खुर्च्यांवर बसत असू आणि आशाताई सतरंजीवर. आधी साहेब बोलत, मग आम्ही, आणि त्यांची पाळी येईपर्यंत शेवटची एसटी निघण्याची वेळ झालेली असे.

आमच्याच जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले, तेव्हा प्रथम शिकलेल्या परिचारिकांना गावोगावी ठेवून पाहिले. ते जमले नाही. मग आरोग्यसेविका म्हणून गावातल्याच स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती आणि अनेक जणी दलित कुटुंबांतल्या होत्या. त्यांचे प्रशिक्षण एका दिवसात उरकले नाही. त्या नियमितपणे जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करीत, आपापल्या गावात काय घडले ते एकमेकींना सांगत, आणि हे वर्षानुवर्षे चालले. निरनिराळ्या जातींच्या बायका एका पंगतीला बसू लागल्या, त्यामागे कोणाचे भाषण नव्हते, मुक्कामाची सोयच तशी केलेली होती.

पाण्याचेही तसेच. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे पाणी हवे असेल तर बाकीच्या गावाला तेथवर यावे लागे. समतेवर व्याख्यान न देता हापशाची जागा ठरवणे, याला मी नेतृत्व म्हणते. म्हणून कार्यशाळा घ्यायची तर घ्या, पण त्याआधी सर्वांना एकाच सतरंजीवर बसवा आणि बोलण्याचा क्रम उलटा करा. पावरीत बोलायची मुभा द्या. मराठीत सांगायला एखादी एएनएम नक्की मिळेल.

उत्तर २ – गटप्रवर्तक (आशांच्या कामाची पर्यवेक्षक)

मॅडम, ताईंचे म्हणणे पटते, पण सतरंजीने सगळे सुटणार नाही. २००५ पासून आशांना 'स्वयंसेविका' म्हणतात. काम रोजचे आणि मोबदला मात्र बराचसा कामागणिक मोजलेला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स' पुरस्कार दिला, म्हणजे कागदोपत्री आम्ही जगाच्या आरोग्याच्या नेत्या झालो. पुढच्याच वर्षी आम्हाला वाढीव मोबदल्यासाठी संप करावा लागला. त्याच संघटनेच्या २०१९ च्या अहवालात म्हटले आहे की जगभरातील आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, पण वरिष्ठ पदांवर त्या साधारण २५ टक्केच आहेत. आमच्या तालुक्याला हे कळायला अहवालाची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट रागावणार नसाल तर लिहिते. बैठकीत जी आशा अडचण सांगते, तिच्याच गळ्यात ती अडचण निस्तरण्याचे काम पडते. वाहन मिळत नाही म्हणाली, की "मग तुम्हीच सरपंचांशी बोला." अशा बैठकीत गप्प राहणे हा शहाणपणा आहे. आत्मविश्वास कमी आहे असे कृपया समजू नका. याच बायका रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन दवाखान्याच्या दारात भांडतात.

उत्तर ३ – लोकाधारित देखरेख प्रक्रियेतील माजी कार्यकर्ता

गटप्रवर्तक ताईंच्या मुद्द्याला जोडून लिहितो. राज्यात २००७ पासून लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवांवर लोकांनीच लक्ष ठेवण्याची प्रक्रिया, सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत सातपुड्याच्या पट्ट्यातील नंदुरबारही होता. जनसुनवाईत, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडण्याच्या जाहीर सभेत, लोक बोलत, कारण समोर बसलेल्या अधिकाऱ्याला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागे. आपल्या बैठकीतही प्रत्येक अडचणीसमोर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुदत लिहा, आणि ते नाव आशाताईंचे नसावे.

दुसरे म्हणजे ग्राम आरोग्य समितीचा बंधमुक्त निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येणारा पैसा. वर्षाला दहा हजार रुपये ही रक्कम लहान आहे, पण ती कशावर खर्च करायची हे ठरवताना आशाताईंना आधी विचारले जाते की खर्चाच्या कागदावर नंतर सही घेतली जाते, एवढे तपासले तरी पुष्कळ कळेल.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासींनाच विचारले होते. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता येत नाही, असे लोकांनी सांगितले. म्हणून त्यांच्या शोधग्राम या केंद्रातला दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. नकाशा तयार झाल्यावर मत विचारले असते, तर लोकांनी माना डोलावल्या असत्या आणि आजारपणात उपचार करणाऱ्या गावच्या पुजाऱ्याकडेच गेले असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. अडचण सांगणारीवरच काम टाकण्याची चूक माझ्याकडूनही झाली आहे, आणि ती मला आज प्रथमच दिसली. कार्यशाळा टाळणे माझ्या हातात नाही, परंतु त्या दिवसाचा दुपारचा भाग पुढील तीन महिन्यांच्या लसीकरण सत्रांच्या तारखा ठरवण्यासाठी मागून घेणार आहे. कोरा तक्ता आशाताईंपुढे ठेवू, त्या बाजार, सण आणि ऊसतोडीला निघण्याचे दिवस भरतील, आणि मग एएनएम व मी आमच्या तारखा त्यांत बसवू.

गटप्रवर्तक

चालेल मॅडम. त्या दिवसाचा प्रवासभत्ता मात्र त्याच दिवशी मिळावा.