ते गप्प का आहेत?

ए-२०४: फॉरवर्ड वाचला का? युद्धावर अवाक्षर न काढणाऱ्या नट-नट्या आणि खेळाडूंची यादी. सगळ्यांना अनफॉलो करा म्हणे. मी तिघांना केलं.

बी-५०१ काका: नटाने नटाचं काम करावं. दोन देशांच्या भांडणातलं त्याला काय कळतं?

ए-२०४: काका, मागे एकाने लिहिलं तेव्हा टाळ्या तुम्हीच टाकल्या होत्यात.

बी-५०१ काका: तो बरोबर बोलला होता.

सी-३०२: 😂😂

अ‍ॅडमिन: राजकीय विषय नकोत, प्लीज.

सी-३०२: साहेब, पक्षाचं नाव कुणीच घेतलेलं नाही अजून.

बी-७०२ ताई: काका, बॉक्सर मुहम्मद अलीला तरी परराष्ट्र धोरण कुठे कळत होतं? २८ एप्रिल १९६७ ला, व्हिएतनाम युद्धाच्या वेळी, अमेरिकेच्या सैन्यभरतीत नाव पुकारलं, हा जागचा हलला नाही. विजेतेपद गेलं, ५ वर्षांची शिक्षा, १०,००० डॉलर दंड. अपिलामुळे तुरुंग टळला, पण ऐन भरातली तीनेक वर्षं रिंगबाहेर गेली. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, ती वर्षं कोण परत देणार?

बी-५०१ काका: अलीला स्वतःलाच लढायला पाठवत होते, त्याचं सोड. दुसऱ्याच्या युद्धात जाऊन मिरवणं निराळं. ती अमेरिकन नटी जेन फोंडा आठवते का? शत्रूच्या तोफेवर बसून हसत होती!

बी-७०२ ताई: आठवते ना. जुलै १९७२, उत्तर व्हिएतनामची राजधानी हानोई. ती गेली होती अमेरिकेच्या बॉम्बफेकीत बांध कसे फुटलेत ते दाखवायला. येताना अमेरिकन युद्धकैद्यांची पत्रंही आणली घरच्यांसाठी. ते कुणाला आठवतं? तोफेवरचा फोटो तेवढा राहिला. १९८८ मध्ये टीव्हीवर माफी मागितली, तरी ‘हानोई जेन’ पुसलं गेलं नाही. माझ्या मते ती गेली यात चूक नव्हती. यजमानांनी बसवलं तिथे बसली, तिथे फसली. कॅमेरा कुणाचा आहे हे बघायला नको?

सी-३०२: अमेरिकन बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमनचंही तेच. २०१४ ला उत्तर कोरियात भर स्टेडियममध्ये किम जोंग उनसाठी वाढदिवसाचं गाणं म्हणाला. तिथे कैदेत असलेल्या अमेरिकन माणसाबद्दल विचारलं तर दोष त्याच्यावरच ढकलला. मग म्हणे, प्यायलो होतो, माफ करा.

ए-२०४: मग काय, घरी बसायचं?

बी-७०२ ताई: छे. हॉलिवूडचा जॉर्ज क्लूनी बघ. २०१० च्या शेवटी त्याने आणि सोबतच्यांनी सुदानच्या सीमेवर उपग्रहाचा डोळा लावला. सैन्याची हालचाल, जळालेली गावं, सगळे फोटो जगासमोर. कॅमेरा चुकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने तो दुसऱ्यांवर रोखला, मला ते फार आवडलं होतं.

सी-३०२: ताई, पण त्या फोटोंनी बॉम्ब थांबले नाहीत. दक्षिण सुदान २०११ ला स्वतंत्र झाला आणि २०१३ ला तिथलेच नेते आपसात लढायला लागले.

बी-७०२ ताई: नाहीच थांबले. म्हणून नंतर ते पैशाच्या मागे लागले. लढणाऱ्या नेत्यांच्या कुटुंबांची परदेशात घरं कुठे आहेत, ते छापलं.

बी-५०१ काका: म्हणजे हिरोचा तलाठी झाला. हे मला चालेल.

ए-२०४: पण ताई, माझा मुद्दा गप्प बसणाऱ्यांचा आहे.

सी-३०२: फुटबॉलपटू मेसूत ओझिल कशाला विसरता? डिसेंबर २०१९, चीनमधल्या उइगुर मुसलमानांवरच्या अत्याचारांबद्दल लिहिलं. चीनच्या सरकारी वाहिनीने त्याच्या क्लबचा, आर्सेनलचा, सामनाच काढून टाकला. क्लबने हात झटकले, त्याचं वैयक्तिक मत म्हणे. हे बघितल्यावर दुसरा खेळाडू लिहील? जिथे बाजार मोठा, तिथे जीभ जड.

बी-७०२ ताई: आणि ज्यांना तिथे काही विकायचंच नाही, ते भरभरून लिहितात. त्यात धैर्य काय? तुझ्या यादीत कुणाचं काय पणाला लागलंय, ते लिहिलंय का?

ए-२०४: नाही. नुसते फोटो आहेत, त्यावर लाल फुल्या.

बी-५०१ काका: यादी केली कुणी पण?

ए-२०४: तेच विचारलं मी, ज्याने पाठवली त्याला. दोन निळ्या टिका आल्यात केव्हाच. उत्तर नाही.