दाभोळच्या शाही मशिदीबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांना घेऊन गुहागरहून दाभोळला जायचं आहे. धोपाव्याहून जेट्टीने पलीकडे उतरलं की मशीद जवळच, तो भाग सोपा आहे.

मुलांना पुस्तकातलं विजापूर पाठ आहे, पण त्याच आदिलशाहीचा घुमट आणि मिनार आपल्याच खाडीकाठी उभे आहेत हे बहुतेकांना माहीत नाही. मक्केला जाणारे यात्रेकरू याच बंदरातून जहाजात चढत. 1508 मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं होतं. आजची शांत जेट्टी बघून कोणाला खरं वाटेल?

विचारायचं असं, की आत जायला जमातीची (मशिदीच्या स्थानिक मुस्लिम समाजाची) परवानगी लागते का, आणि ती कोणाकडे मागायची? मुलींना आत जाता येईल ना? शुक्रवार तर आम्ही टाळणारच, पण इतर दिवशी दुपारच्या नमाजाची वेळ साधारण काय असते? मेहराब (मक्केच्या दिशेचा कोनाडा), हौज (पाण्याची टाकी), वजू (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं) हे सगळं तिथल्याच कोणी जाणत्या चाचांनी समजावलं तर फार बरं, माझ्यापेक्षा मुलं त्यांचं नीट ऐकतील. शिलालेख वाचू शकणारं कोणी आसपास असल्यास जरूर सांगा.